पाड्यावरचं सुतक

आमचे भावजी कोणाच्या घरी गेले की लगेच चहा घेत नसत. कप समोर आला की त्याच्यावर बशी उपडी ठेवायचे आणि घरच्या माणसाला विचारायचे, "तुमच्या पणजोबांचं नाव काय?" नाव सांगता आलं तर बशी काढून चहा प्यायचे. नाही आलं तर चहा तसाच थंड व्हायचा आणि उठताना म्हणायचे, "विचारून ठेवा. मी पुढच्या महिन्यात येतो." माणसं हसायची. काही चिडायची. माझा भाऊ पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा त्यालाही त्यांनी असंच बसवलं, आणि भावाला नाव काही आठवेना. शेवटी मी स्वयंपाकघरातून ओरडले, "धर्मा! धर्मा नाव होतं! प्या आता तो चहा!"

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलत भाऊ, त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. लग्न केलं नाही. विठ्ठलवाडीला चाळीत एक खोली होती, तिथे एकटे राहायचे आणि दर रविवारी आमच्याकडे अंबरनाथ पश्चिमेला जेवायला यायचे. जेवण झालं की आपलं ताट स्वतः घासायचे. मी नको म्हणायची नाही. माझंही एक ताट कमी व्हायचं.

माझी शाळा चौथीपर्यंत. भावजींसारखं नीटनेटकं लिहिणं मला जमत नाही. जे झालं ते जसं आठवतं तसं लिहिते.

ते अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. कामगार गेटातून आत आला की वेळ लिहायची, बाहेर गेला की वेळ लिहायची, एवढंच काम तीस वर्षं केलं. माझा नवराही त्याच कारखान्यात. एकदा नवऱ्याला तीन मिनिटं उशीर झाला तर भावजींनी लेटमार्क लावला आणि तो शनिवार असल्यामुळे दुसऱ्या दिवशी आमच्याकडेच भात-आमटी जेवायला बसले. नवरा म्हणाला, "अरे, तीन मिनिटं रे. सख्खा भाऊ असता तरी लावला असतास?"

"सख्ख्याला आधी लावला असता," भावजी म्हणाले. "लोक बघतात."

निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, नाहीतर गेटजवळच्या कट्ट्यावर बसतात. हे मेलेल्या माणसांच्या हजेरीला लागले. आमच्या घराण्याचा मूळ पुरुष चांगोबाबा, माझ्या नवऱ्याच्या पणजोबांचा बाप. इंग्रजांच्या काळात बदलापूरजवळ त्याची भातशेती होती आणि त्याच्या जोडीला गवताचा व्यापार. डोंगरातलं गवत कापून घ्यायचं, गाठी बांधायच्या, बैलगाड्या भरून कल्याणच्या बंदरावर न्यायच्या, तिथून होडीनं मुंबईला. मुंबईत तेव्हा घोडे फार होते, त्यांना आमच्याकडचं गवत लागायचं. आमच्या सासरी त्याला चांगोशेट म्हणत. सासूबाई सांगायच्या, देवमाणूस, एकपत्नी, दारातून कोणी उपाशी गेलं नाही. मीही तेच सुनेला सांगितलं. कोणी पाहिलं होतं?

भावजींना चांगोबाबापासूनचा एकूण एक माणूस हवा होता. त्यासाठी त्यांनी उल्हासनगरला जाऊन पांढऱ्या लट्ठ्याचा भलामोठा कपडा आणला. कागद फाटतो, कपडा धुता येतो, असं त्यांचं म्हणणं. मी बरोबर होते, मला परकर शिवायचे होते. दुकानदार सिंधी, त्याने एवढा पांढरा कपडा कापताना विचारलं, "साईं, घर में कोई ऑफ हो गया क्या?"

"हो गया," भावजी म्हणाले. "सौ-डेढ़ सौ लोग."

बिचारा कात्री हातात धरून बघतच राहिला.

त्या कपड्यावर धोबी खुणा करतात त्या शाईने ते नावं लिहायचे. वर चांगोबाबा, खाली मुलं, त्यांच्या खाली त्यांची मुलं, प्रत्येकाभोवती चौकोन. नाव सापडलं नाही तर चौकोन रिकामा. मी एकदा म्हटलं, "अहो, नसेल तिथे कोणी. पुसून टाका." तर म्हणाले, "वहिनी, नाही असं म्हणू नका. गैरहजर म्हणा."

नावं शोधायची त्यांची रीत मात्र दुसऱ्या कोणाला सुचली नसती. कागदपत्रांवर त्यांचा विश्वास नव्हता. तलाठ्याच्या दप्तरात माणसं जमिनीसाठी खोटं लिहितात, म्हणायचे. ते दहाव्याच्या घाटावर जायचे. आमच्यात माणूस गेलं की दहा दिवस सुतक आणि दहाव्या दिवशी नदीवर भावकीतले पुरुष डोकी करतात. सात पिढ्यांच्या आतलं असेल तर दहा दिवस पूर्ण. मग कोण कोण न्हाव्यापुढे बसलं ते भावजी लांबून मोजायचे. कोणाचंही दहावं असो, वही घेऊन हजर. एका गृहस्थाने एकदा विचारलं, "आपण कोणाकडचे?" तर म्हणाले, "अजून ठरायचं आहे."

घाटावरच्या म्हाताऱ्या न्हाव्याशी त्यांची दोस्ती झाली होती. त्याचा बाप, आजा तिथेच डोकी करत आले. कुठल्या घरात कोण गेलं तर कोण येऊन बसतं, हे त्याला तोंडपाठ. त्यानेच एक दिवस भावजींना सांगितलं की तुमच्या घरातलं कोणी गेलं की दहाव्याला दुपारी, सगळे निघून गेल्यावर, डोंगरातली दोन माणसं येतात आणि डोकी करून जातात. विचारलं तर म्हणतात, भावकीतला गेला.

पुढच्या रविवारी भावजी जेवलेच नाहीत. हात धुतलेले, पान वाढलेलं, आणि हे सांगत बसले. "वहिनी, डोक्यावरचे केस कोणी उगाच देत नाही."

"उवा झाल्या असतील," मी म्हटलं. अशी मी.

शोधत शोधत ते बारवी धरणाच्या बाजूला एका ठाकरांच्या पाड्यावर पोहोचले. तिथे कळलं ते असं. चांगोबाबा गवतासाठी महिना महिना डोंगरात राहायचा. तिथे त्याची एक बायको होती. ठेवलेली नव्हे, त्यांच्या रीतीने लग्न लावलेली. तिला दोन मुलगे झाले. चांगोबाबा गेल्याचं तिला आमच्यातल्या कोणी कळवलं नाही, बाजारात कळलं. तिने मुलांची डोकी केली आणि सांगून ठेवलं की खालच्या घरातलं कोणीही गेलं तरी आपण पाळायचं. तेव्हापासून ते पाळत होते. खाली कोणाला पत्ता नाही.

भावजी इतके खूश होते की त्यांनी घड्याळ उलटं बांधलं होतं. मला म्हणाले, "चला, तुमची जाऊ दाखवतो."

मी गेले. कशाला खोटं बोलू, बघायला गेले, जत्रेत बघायला जातात तशी. बदलापूरहून टमटम, मग शाळेच्या मागून चढ. भावजींच्या हिशेबाने त्या पाड्यावरची म्हातारी नात्याने माझी थोरली जाऊ लागत होती. काळी, हडकुळी, दातवण लावलेले दात. तिने मला बघितलं आणि सरळ अगंतुगं सुरू केलं, जाऊच ती.

"बस गं बाय. लांबून आलीस. तुझा दादला गेला तवा पोरांनी डोकी केली. मी दहा दिस त्याल लावला नाय."

मी म्हटलं, "तुम्हाला कोणी कळवलं?"

"कोन कलवनार? बदलापुरात भाजी इकाया जातो ना, तिथं कललं." मग हसली. "आमच्यातला मेला तर आमी पाच दिस पालतो. तुमच्यातला मेला तर दहा. तुमची रीत दहाची ना?"

भावजींनी वही काढून ते तिथल्या तिथे लिहून घेतलं. त्यांचे डोळे भरले होते, माझे नाही.

"आमी तुमाला वलखतो," जाऊ म्हणाली, "तुमी आमाला नाय वलखत. तसा बी चालतं."

तिच्या सुनेने भाकरी आणि कसलीशी रानभाजी पुढे ठेवली. मी म्हटलं, माझा उपास आहे. जावेने विचारलं, कसला, तर मला वारही आठवेना, म्हटलं नवसाचा. भावजी दोन भाकऱ्या जेवले. बदलापूरला उतरल्यावर मला भूक लागली होती. स्टेशनबाहेर गाडीवर वडापाव घेतला आणि त्यांच्यासमोर उभ्याने खाल्ला. ते दुसरीकडे बघत उभे राहिले, जणू मी कपडे बदलत होते.

ह्यानंतर कपड्याची उजवी बाजू भरू लागली. चांगोबाबाच्या चौकोनाला दुसरी बायको जोडली, तिच्याखाली पाड्यावरची सगळी माणसं. प्रत्येकाच्या मरणाची वेळ, आणि कोणी सुतक पाळलं ते. आमच्या बाजूला त्यांच्या माणसांसाठी काहीच लिहिण्यासारखं नव्हतं. ती जागा भावजींनी मोकळी ठेवली होती.

मग माझ्या नातीचं लग्न ठरायला आलं. मुलाकडचे कल्याणचे, पैसेवाले, बोलण्यात सारखं खानदान खानदान. मीही चांगोशेटची गोष्ट सांगितली. मुलाच्या वडिलांना आवडली. म्हणाले, तुमच्याकडे म्हणे वंशावळ आहे, बघू तरी. भावजींना मी बोलावलं. त्यांनी आनंदाने तो कपडा इस्त्री करून आणला. ते हातपाय धुवायला गेले तेवढ्यात मी उजवी बाजू आत दुमडली आणि सेफ्टी पिना लावल्या. सात पिना लागल्या.

भावजी बाहेर आले आणि बघून तिथेच थांबले. पाहुण्यांसमोर मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी तोंड उघडलं नाही. मुलाचे वडील बोट फिरवत नावं वाचत होते. "वा, वा. आणि हे दुमडलंय त्यात काय?"

"शाई सांडली," मी म्हटलं.

भावजींच्या हातून शाई कधी सांडली नव्हती, तीस वर्षांत एकदाही नाही. ते चहाच्या कपावरची बशी काढून चहा प्यायले. पाहुण्यांना त्यांनी पणजोबांचं नाव विचारलं नाही. लग्न ठरलं.

लग्न वैशाखात. हॉल उल्हासनगरला, हळद आमच्या बिल्डिंगखालीच, मांडव घातलेला. आमच्यात हळदीच्या दिवशी सकाळी देवक बसवतात. एकदा देवक बसलं की मग लग्न होईपर्यंत भावकीत काही झालं तरी सुतक धरत नाहीत. त्याच्या आधी कळलं तर मात्र लग्न पुढे ढकलावं लागतं. त्या दिवशी देवक नऊ वाजता बसायचं होतं.

सकाळी मी दार उघडलं तर भावजी जिन्यात उभे. आत येईनात. पायात चिखल, शर्टाची बटणं वरखाली.

"वहिनी, आत येत नाही. मला लागलंय. तुम्हालाही. पाड्यावरच्या थोरल्या वहिनी गेल्या."

दोन दिवस ते तिकडेच होते, ती आजारी म्हणून. पहाटे ती गेली आणि हे दुधाच्या टेम्पोत बसून आले होते.

मी दार ओढून घेतलं आणि जिन्यात त्यांच्यासमोर उभी राहिले. आत बायका घाण्याच्या गाण्याला बसल्या होत्या, त्यांचा आवाज येत होता.

"तुम्ही मला सांगितलं नाही," मी म्हटलं.

"सांगितलं ना आत्ता."

"मी ऐकलं नाही. तुम्ही जा. स्टेशनवर दोन तास बसा. चहा प्या. नऊनंतर या आणि मग सांगा."

"मी आता आलोय, वहिनी."

"दोन तास, भावजी! दोन तासांनी काय बिघडतंय? ती कुठे पळून जाणार आहे?"

हे मी बोलले. माझ्या तोंडून हे निघालं.

ते म्हणाले, "वेळ मी ठरवली नाही. मी फक्त लिहितो."

"हॉल घेतलाय. हजार माणसांना पत्रिका गेल्यात. पोरीने मेंदी लावलीय. आणि कोणासाठी? ज्यांचं अन्न आपण खात नाही त्यांच्यासाठी?"

"तुम्ही खात नाही," भावजी म्हणाले. तेवढंच. आवाज चढवला नाही.

भटजींना विचारता आलं असतं. त्यांनी दुसऱ्या रीतीच्या लग्नातली माणसं म्हणून सोडवलंही असतं कदाचित. पण विचारायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे मुलाकडच्यांना कळायचं. तेवढ्यात माझा मुलगा दार उघडून बाहेर आला, गळ्यात टॉवेल. "काय झालं? काका, आत या ना. कोण गेलं काय?"

भावजींनी माझ्याकडे बघितलं. घरात मी थोरली. उत्तर मी द्यायचं होतं.

"त्यांच्या कारखान्यातल्या एका माणसाची बायको," मी म्हटलं. "ते मयताला चाललेत."

"अच्छा. मग काका, तिकडून आंघोळ करून डायरेक्ट हळदीला या. डीजे आहे," मुलगा म्हणाला आणि आत गेला.

ज्या माणसाने आयुष्यात एक चुकीचं नाव खपवून घेतलं नाही, तो तिथे उभा राहून माझं खोटं ऐकत होता. त्यांनी घड्याळ बघितलं, मान हलवली आणि जिना उतरून गेले. मांडवाच्या बाहेरून, मांडवाच्या कापडाला अंग लागू नये असे चालत गेले. मी खिडकीतून बघत होते. मग मी आत गेले आणि घाण्याच्या गाण्याला बसले. आवाजही चांगला लागला त्या दिवशी.

लग्न छान झालं. मुलगी सुखात आहे. काहीही वाईट झालं नाही. लोकांना वाटतं असं काही केलं की देव शिक्षा करतो. काही करत नाही.

दहा दिवस संपल्यावरच्या रविवारी भावजी आले. डोकं केलेलं, मिशीसुद्धा नाही. नातू म्हणाला, "आजोबा, क्या लुक है! स्टाइल मारली काय?"

"उन्हाळा आहे रे," भावजी म्हणाले. "गरम होतं."

त्यांच्या तोंडून मी खोटं ऐकलं ते एवढंच, आणि ते माझ्यासाठी होतं. जेवले, ताट घासलं, नात कशी आहे विचारलं. पाड्याचं नाव नाही काढलं. मी वाट बघत होते की ते भांडतील. मला भांडता येतं. ते भांडले असते तर मी चार गोष्टी सुनावल्या असत्या आणि आमचं मिटलं असतं. ते पुढेही दर रविवारी आले, पण कपडा परत कधी आमच्याकडे आणला नाही.

दिवाळीनंतर ते गेले. हार्ट. शेजाऱ्यांनी दार तोडलं. त्यांचं करायला आम्हीच होतो. तिसऱ्या दिवशी मुलगा आणि मी खोली आवरायला गेलो. भांडी चार. कपडा ट्रंकेत घडी करून ठेवलेला. मुलगा म्हणाला, "आई, इसका क्या करने का? देऊन टाकू?" मी म्हटलं, ठेव. तो बाहेर गेल्यावर मी घडी उघडली. उजव्या बाजूला जावेच्या नावापुढे लिहिलं होतं, पहाटे चार-वीस. खाली, कोणी सुतक पाळलं त्यात पाड्यावरची नावं आणि भावजींचं. आणि आमच्या बाजूला इतकी वर्षं मोकळी ठेवलेली ती जागा होती, तिथे पहिल्यांदाच एक ओळ लिहिलेली: अंबरनाथच्या वहिनींना कळवलं, सकाळी सात-दहा.

पाळलं नाही, असं लिहिलं नव्हतं. कळवलं, एवढंच. गेटातून आत आलेल्या माणसाची वेळ लिहावी तसं.

मला तेव्हा कळलं की ते दोन तास ते थांबू शकले असते. त्यांना देवकाची वेळ माझ्याइतकीच ठाऊक होती. ते मुद्दाम आधी आले. त्यांना वाटलं होतं की मला कळलं तर मी पाळीन. इतकं मला कोणी चांगलं समजलं नव्हतं.

सुतकातच मी पाड्यावर गेले. मुलाला सांगितलं, बदलापूरला बहिणीकडे जाते. आमच्या घरातलं कोणी गेल्याचं आमच्या माणसाने जाऊन सांगण्याची ती पहिलीच वेळ. सव्वाशे वर्षांत पहिली. पण मी काही त्याचं कौतुक सांगत नाही. भावजी स्वतः गेले होते आणि दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी.

जावेचा थोरला मुलगा कुडाची भिंत सारवत होता. मी सांगितलं. तो तिथेच मातीचे हात घेऊन खाली बसला. घरातून बायका रडत आल्या. एवढं आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी रडलं नव्हतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "किती दिस झालं?"

"आज सहावा."

"मंग चार रायले. आमी येतो घाटावर. दुपारी येतो, तुमचं झाल्यावर."

मी म्हणायला हवं होतं, सकाळी या, आमच्याबरोबर बसा. मनात आलं होतं. नाही म्हटलं. सून, तिचे आईवडील, नातजावई, सगळे येणार होते.

मग तो म्हणाला, "काकी, पोर बरी हाय ना? लगीन झालं ना नीट? आय मेली तवा आमी काकाला बोललो, हलदीचं घर हाय, तिकडं सांगू नको. पोरीचं लगीन होऊन जाऊ दे, मंग सांग. आय बी तेच बोलून गेली. नाय ना सांगितलं त्यानं?"

मरता मरता त्या बाईने माझ्या नातीच्या हळदीचा विचार केला होता. मी मागितलेल्या दोन तासांच्या ऐवजी तिने मला अख्खं लग्न पार पडेपर्यंतचा वेळ देऊन ठेवला होता.

तो माझ्याकडे बघत होता. मला फक्त खरं सांगायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "नाही सांगितलं."

"शब्दाचा पक्का मानूस," तो म्हणाला आणि डोळे पुसले.

म्हणजे मी भावजींचंही खोटं करून टाकलं. ते पाड्यावरच्यांचं न ऐकता मला सांगायला आले होते, कारण त्यांच्या लेखी मी त्या घरातली होते. आणि मी त्यांना, ते मेल्यावर, कळलेलं मरण दाबून ठेवणारा माणूस करून ठेवलं. माझ्यासारखा.

दहाव्याला घाटावर माझ्या मुलाने मिशीचे चार केस कापून घेतले. ऑफिसात कोणीतरी बाहेरून येणार होतं, डोकं करून कसं जाणार. नातवाने तेवढंही केलं नाही. दुपारी मी एकटी मागे थांबले, झाडामागे, दिसणार नाही अशी. पाड्यावरून पाच जण आले. पाचही जणांनी डोकी केली. न्हाव्याने त्यांना काही विचारलं नाही.

आता माझे गुडघे गेले, तो चढ मला चढवत नाही. हे खरं आहे, आणि सबबही आहे. मुलाला मी परवा सांगितलं की मी गेले की पाड्यावर कळवायचं. सगळं सांगितलं, जिन्यातलंही. तो मोबाइल बघत होता. "बघू गं आई," म्हणाला. वाईट नाही तो. पण त्या दिवशी घरात कोणाचं तरी काही असेल आणि त्याला तास मोजायला लागतील.

म्हणून नातीला हे वाचायला ठेवते. बाई, बदलापूरहून धरणाच्या रस्त्याला टमटम मिळते. शाळेशी उतरायचं, मागून चढून गेलं की पहिलं घर. फोन करू नकोस, तू जा. तुझ्या लग्नासाठी झालेलं आहे हे, तूच जा. आणि घाईने मी गेल्याचं सांगू नकोस. आधी त्या घरातल्या थोरल्याला, माझ्या जावेच्या मुलाला, सांग की काकांनी त्या सकाळी सात-दहाला मला कळवलं होतं आणि तुझी म्हातारी आजी त्याच्या तोंडावर खोटं बोलली. तो ऐकून घेईल. मग मी गेल्याचं सांग. डोकी करायची की नाही, ते त्यांचं ते ठरवतील.